साठ-चाळीसचा नमुना: आर भाषेतला एक बग आणि तो दुरुस्त करण्याची किंमत

१ ते १७१ कोटी ७९ लाख ८६ हजार ९१८ या संख्यांमधून दहा लाख संख्या यादृच्छिक पद्धतीने उचलायच्या आणि त्यांत सम किती, विषम किती एवढंच मोजायचं. सप्टेंबर २०१८ मध्ये आर या संख्याशास्त्रीय भाषेत हा प्रयोग कुणालाही घरच्या लॅपटॉपवर तीन ओळींत करता येत होता. उत्तर निम्मं-निम्मं यायला हवं. प्रत्यक्षात सम संख्या यायच्या सुमारे चार लाख आणि विषम सहा लाख. पुन्हा चालवलं तरी तेच. दहा लाखांच्या नमुन्यात अपेक्षित पाच लाखांपासून योगायोगाने पाचशे-हजारांचा फरक पडू शकतो, फार तर दीड हजारांचा. इथे फरक पूर्ण एक लाखाचा होता.

आर ही काही कोपऱ्यातली भाषा नाही. न्यूझीलंडमधल्या ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी ती १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहायला घेतली. तिची १.०.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली. आज औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत ती सगळीकडे आहे. महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांत संख्याशास्त्राची प्रात्यक्षिकं तिच्यावर होतात आणि आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प तिच्या प्रसारासाठी काम करतो. अशा भाषेत ‘नमुना निवड’ ही आज्ञा सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या आज्ञांपैकी एक. रुग्णांचे गट पाडताना, बूटस्ट्रॅप करताना (म्हणजे हाती असलेल्या डेटातूनच पुन्हा पुन्हा नमुने काढताना), मॉडेल तपासण्यासाठी डेटा दोन भागांत विभागताना, प्रत्येक ठिकाणी तीच लागते. तीच साठ-चाळीस निघाली.

हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं, की इथे दुरुस्तीचा कोड मोजक्या ओळींचा होता. दुरुस्ती करायची का, हे ठरवायला मात्र महिने लागले. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचं खरं काम काय असतं, ते या महिन्यांत दिसतं.

चूक नेमकी कुठे होती

आर यादृच्छिक पूर्णांक थेट बनवत नव्हती. ती आधी ० आणि १ यांच्या मधला एक अपूर्णांक बनवायची, त्याला यादीच्या लांबीने गुणायची, दशांश चिन्हानंतरचा भाग टाकून द्यायची आणि १ मिळवायची. दहांतून एक निवडायचा असेल आणि अपूर्णांक ०.२८७५ आला, तर गुणाकार २.८७५, त्यातले २ ठेवायचे, अधिक १, म्हणजे ३. शाळेतल्या मुलालाही पटेल अशी ही रीत आहे आणि जुन्या काळच्या अनेक प्रोग्रॅममध्ये ती सापडते.

अडचण अपूर्णांकांच्या संख्येत आहे. २००३ पासून आरमध्ये डिफॉल्ट असलेला, म्हणजे वेगळं काही न सांगता आपोआप वापरला जाणारा, मर्सेन ट्विस्टर हा यादृच्छिक संख्यांचा जनक एका वेळी ३२ बिट, म्हणजे ० किंवा १ असे ३२ अंक, देतो. म्हणजे शक्य असलेले वेगवेगळे अपूर्णांक फक्त ४,२९,४९,६७,२९६. यापेक्षा एकही जास्त नाही. आता या साधारण ४२९ कोटी चिठ्ठ्या यादीतल्या नावांच्या डब्यांत वाटल्या जातात असं समजा. डबे १७१ कोटी ८० लाख असतील, तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच चिठ्ठ्या येतात. चिठ्ठी फाडता येत नाही. म्हणून पहिल्या डब्यात तीन, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात दोन अशी वाटणी होते. विषम क्रमांकांना तीन, सम क्रमांकांना दोन. साठ-चाळीस तिथूनच येतं.

वरची संख्या मुद्दाम शोधून काढलेली आहे, तिच्यात दोष अगदी उघडा पडतो. रोजच्या कामातलं चित्र पाहायचं तर आपलंच उदाहरण घेऊ. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. या सगळ्यांना क्रमांक देऊन जुन्या पद्धतीने नमुना काढला असता, तर २ कोटी ४७ लाख लोकांच्या डब्यात ३९ चिठ्ठ्या पडल्या असत्या आणि उरलेल्या ८ कोटी ७६ लाखांच्या डब्यात ३८. म्हणजे राज्यातल्या जवळपास पाचव्या हिश्शाच्या लोकांना निवडीची संधी इतरांपेक्षा २.६ टक्क्यांनी जास्त, आणि तीही कोणत्याही कारणाशिवाय. देशाच्या १२१ कोटींवर हेच केलं तर काहींना चार चिठ्ठ्या आणि काहींना तीन, म्हणजे तेहतीस टक्क्यांचा फरक. यादी दहा लाखांची असेल तर मात्र ४२९५ विरुद्ध ४२९४ एवढाच फरक उरतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात तो शोधूनही सापडणार नाही.

मग इतकी वर्षं हे कुणाच्या डोळ्यांवर का आलं नाही? यादीचा आकार हे एक कारण, पण माझ्या मते त्याहून मोठं कारण वेगळं आहे. जास्त चिठ्ठ्यांचे डबे यादीच्या एका टोकाला गोळा होत नाहीत, ते संपूर्ण यादीत सारख्या अंतरावर विखुरलेले असतात. त्यामुळे नमुन्याचा हिस्टोग्रॅम काढला तर शंभरही खांब सारख्याच उंचीचे दिसतात. सरासरी बरोबर, विचरण बरोबर. विषम-समसारखा एखादा नियमित प्रश्न विचारला आणि तो डब्यांच्या लयीशी जुळला, तरच दोष दिसतो. नेहमीच्या चाचण्यांत सहज पास होणारा बग सर्वांत धोक्याचा, असं मला वाटतं.

कुणी विचारलं, आणि का

प्रश्न लावून धरला कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली संकुलातले संख्याशास्त्राचे प्राध्यापक फिलिप स्टार्क आणि तिथल्याच संशोधक विद्यार्थिनी केली ऑटोबोनी यांनी. आरच्या ३.५.१ आवृत्तीतल्या या दोषावर त्यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये टिपण लिहिलं आणि उपायही सुचवला.

स्टार्क यांचं नाव इथे योगायोगाने येत नाही. निवडणुकीतल्या मतपत्रिकांचा यादृच्छिक नमुना हाताने मोजून जाहीर झालेला निकाल बरोबर आहे याची खात्री करायची, या जोखीम-मर्यादित तपासणीच्या पद्धतीचे ते जनक. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने नोव्हेंबर २०१७ मध्ये ही तपासणी राज्यभर केली. असं करणारं ते पहिलं राज्य. या पद्धतीची सगळी गणितं एका गृहीतावर उभी असतात: प्रत्येक मतपत्रिकेला निवडलं जाण्याची संधी तंतोतंत सारखी आहे. ते गृहीत डळमळलं, तर हरलेल्या बाजूला तपासणीवर बोट ठेवायला जागा मिळते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच मतदान केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजायला सांगितलं. ती केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडली जातात. तिथे आकडा लहान आहे, संगणकही नाही, त्यामुळे हा बग तिकडे पोचत नाही. पण उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर चिठ्ठी काढावी लागते, यातली भावना तीच आहे: निवड निष्पक्ष असायला हवी आणि तशी आहे हे दाखवताही यायला हवं.

दोन कर्तव्यांची गाठ

पुढे जी चर्चा झाली तिच्यात दोष आहे की नाही यावर फारसा वाद नव्हता. गणित उघड होतं. प्रश्न होता, डिफॉल्ट बदलायचं का.

संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरवर दोन जबाबदाऱ्या असतात. उत्तर बरोबर असलं पाहिजे ही पहिली. कालचं उत्तर आज पुन्हा काढता आलं पाहिजे ही दुसरी. यादृच्छिकता वापरणारा संशोधक सुरुवातीला सीड म्हणून एक पूर्णांक देतो. तोच सीड दिला की त्याच ‘यादृच्छिक’ संख्या त्याच क्रमाने येतात आणि दुसऱ्याला त्याचं काम तपासता येतं. नमुना काढायची रीत बदलली, की २०१८ पर्यंत लिहिलेली प्रत्येक स्क्रिप्ट त्याच सीडवर वेगळं उत्तर देणार. छापलेले शोधनिबंध, पाठ्यपुस्तकांतले आउटपुट, प्राध्यापकांच्या नोट्स, सगळं एका रात्रीत जुळेनासं होणार. आणि बहुसंख्य लोकांची यादी काही हजारांची, ज्यांना जुन्या पद्धतीने काहीही अपाय झालेला नव्हता.

म्हणून डिफॉल्ट बदलायला नको म्हणणाऱ्यांची बाजू पोकळ नव्हती. डंकन मर्डॉक हे आर सांभाळणाऱ्या कोअर गटाचे सप्टेंबर २०१७ पर्यंत सदस्य होते. सुरुवातीला त्यांचंही म्हणणं असंच होतं, की विश्लेषण बरोबर आहे, पण जुने निकाल पुन्हा काढणं अवघड होईल, त्यामुळे डिफॉल्ट बदलायला मान्यता मिळणं कठीण. दोष नसलेलं वेगळं फंक्शन जोडता आलं तर चांगलं. आणि नंतर साठ-चाळीसचं ते उदाहरण मांडलं मर्डॉक यांनीच, बगची नोंदही त्यांनीच केली (क्रमांक १७४९४), आणि पॅच, म्हणजे दुरुस्तीचा कोडही त्यांनीच लिहिला. मला या प्रकरणातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. शंका घेणाऱ्या माणसानेच पुरावा तयार केला आणि पुराव्यामागोमाग तो स्वतः चालत गेला.

पर्याय तीन होते. नवं फंक्शन वेगळ्या नावाने द्यायचं आणि जुनं तसंच ठेवायचं. यात कुणाचं काही मोडत नाही, पण ज्याला दोष माहीत नाही तो दोषासकट जुनंच वापरत राहतो, आणि दोष माहीत नसलेल्यांची संख्या कायमच मोठी असते. दुसरा पर्याय, ३२ ऐवजी ५३ बिटांचा अपूर्णांक वापरायचा. त्यामुळे झुकाव इतका कमी होतो की व्यवहारात शून्यच म्हणावा, पण तत्त्वतः तो राहतोच. शिवाय जुने निकाल याही मार्गाने बदलतात. ती किंमत मोजायचीच असेल तर अर्धी दुरुस्ती कशाला? तिसरा पर्याय, गुणाकाराची रीत सोडून थेट बिटांमधून पूर्णांक घडवायचा. पायथनने आपल्या यादृच्छिक पूर्णांकांच्या बाबतीत हे २०११ मध्ये ३.२ आवृत्तीतच केलं होतं, आणि तिथे तर अपूर्णांक ५३ बिटांचे असल्याने मूळ दोष आरपेक्षा कितीतरी सौम्य होता.

आरच्या मूळ कोडमध्ये बदल करण्याचा हक्क फक्त कोअर गटाच्या वीसेक सदस्यांना आहे. यातले बहुतेक विद्यापीठांत शिकवणारे लोक आहेत, हे काम त्यांच्या नोकरीचा भाग नाही. त्यांपैकी आयोवा विद्यापीठाचे ल्यूक टियर्नी यांनी फेब्रुवारी २०१९ मध्ये विषय पुन्हा हाती घेतला: पुढची आवृत्ती निघण्याआधी याचा निकाल लागला पाहिजे. २६ एप्रिल २०१९ रोजी आलेल्या ३.६.० मध्ये डिफॉल्ट बदललेलं होतं. त्या आवृत्तीच्या बातमीपत्रात ऑटोबोनी आणि स्टार्क यांनी दोष दाखवल्याचा उल्लेख आहे, पॅचसाठी मर्डॉक यांचे आणि पुढच्या मदतीसाठी गेब बेकर यांचे आभार आहेत.

नवी रीत, एका सीडवर

नव्या पद्धतीला आरमध्ये ‘रिजेक्शन’ म्हणतात, जुनीला ‘राउंडिंग’. दहांतून एक निवडायचा असेल तर चार बिट पुरतात. चार बिटांतून ० ते १५ अशा सोळा संख्या मिळतात, सगळ्यांची संधी अगदी सारखी. ० ते ९ पैकी आली तर ठेवायची. १० ते १५ पैकी आली तर टाकून द्यायची आणि नवे बिट मागायचे. ओढूनताणून बसवणं नाही, म्हणून झुकावही नाही. काही संख्या वाया जातात, एवढीच किंमत.

सीड १२३ देऊन १ ते १० ही यादी पिसून पाहा. या सीडवर आरचे पहिले पाच अपूर्णांक ०.२८७५७७५, ०.७८८३०५१, ०.४०८९७६९, ०.८८३०१७४ आणि ०.९४०४६७३ असे आहेत. जुनी रीत पहिल्याला दहाने गुणून ३ काढते. दुसऱ्याला उरलेल्या नऊने गुणून आठवी जागा काढते, तिथे ८ आहे. तिचा पूर्ण क्रम ३, ८, ४, ७, ६, १, १०, ९, २, ५. नवी रीत प्रत्येक अपूर्णांकाला ६५,५३६ ने गुणते आणि पूर्णांकाचे शेवटचे चार बिट घेते. पहिल्यातून १४ मिळतात, रद्द. दुसऱ्यातूनही १४, रद्द. तिसऱ्यातून २ मिळतात, अधिक १, म्हणजे ३. चौथ्यातून १३, रद्द. पाचव्यातून पुन्हा २, म्हणजे तिसरी जागा. मघाशी ३ उचलल्यावर तिथे यादीतला शेवटचा १० आणून ठेवलेला असतो, म्हणून निघतो १०. पूर्ण क्रम ३, १०, २, ८, ६, ९, १, ७, ५, ४. दोन्ही क्रम ३ ने सुरू होतात हा निव्वळ योगायोग, आणि फसवा योगायोग: पहिलाच आकडा जुळलेला पाहून काही बदललं नाही असं वाटू शकतं.

जुनी चूक जपून ठेवण्याबद्दल

जुनी रीत काढून टाकलेली नाही. सीड देतानाच ‘राउंडिंग’ मागता येतं, किंवा यादृच्छिकतेची सगळी यंत्रणा ३.५.० आवृत्तीसारखी चालव असं सांगता येतं. मागितलं की आर एक इशारा छापते, निवड एकसमान नाही म्हणून. चुकीची गोष्ट जाणूनबुजून मागता येते, नकळत मिळत नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. आरमध्ये याला परंपरा आहे. नॉर्मल वितरणाच्या संख्या बनवणाऱ्या किंडरमन-रामेज पद्धतीत २००३ च्या सुमारास चुका सापडल्या. त्या दुरुस्त केल्या आणि जुनी सदोष पद्धत ‘बगी किंडरमन-रामेज’ या नावाने ठेवून दिली, जुने निकाल पडताळता यावेत एवढ्यासाठी. संस्थेने आपली चूक नावानिशी कपाटात ठेवावी आणि मागेल त्याला काढून दाखवावी, असं कमी ठिकाणी घडतं.

बदलाचा भार मात्र पुष्कळ जणांवर पडला. त्या वेळी आरच्या अधिकृत भांडारात चौदा हजारांच्या आसपास पॅकेजं होती. ज्यांच्या चाचण्या ठराविक सीडवरच्या ठराविक उत्तराशी ताडून पाहिल्या जात, त्या चाचण्या तुटल्या. पॅकेज सांभाळणारे हेही स्वयंसेवकच. कुणी अपेक्षित उत्तरं नव्याने नोंदवली, कुणी चाचणीच्या वर जुन्या आवृत्तीची ओळ घालून वेळ निभावली. दुसरी वाट सोपी आहे, पण तिच्यामुळे जुनी रीत चाचण्यांत कायमची घर करून बसते, आणि इशारा दाबून टाकलेला असतो. हे मला पटत नाही. ज्या चाचणीला एका सीडवरचे नेमके आकडे लागतात, ती चाचणीच बहुतेक वेळा चुकीचा प्रश्न विचारत असते.

वर्गातही गोंधळ झाला. पुस्तकात छापलेला क्रम आणि पडद्यावरचा क्रम जुळत नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं विद्यार्थ्यांना वाटतं. एकाच वर्गात कुणाकडे ३.५, कुणाकडे ३.६, आणि दोघांच्या जर्नलमध्ये वेगळी उत्तरं. शिक्षकाने आवृत्तीचा क्रमांक लिहायला लावला तर हे पाच मिनिटांत सुटतं. सीडसोबत आवृत्ती नोंदवल्याशिवाय निकाल पुन्हा काढता येतो असं म्हणूच नये.

आणखी एक चोरवाट आहे, ती बऱ्याच जणांना माहीत नसते. आर बंद करताना वर्कस्पेस जतन केला तर जनकाची अवस्थाही त्यात जाते. तिचा पहिला आकडा कोणत्या पद्धती चालू आहेत ते सांगतो. जुन्या डिफॉल्टसाठी तो ४०३ असायचा, नव्यासाठी १०४०३ आहे. जुन्या आवृत्तीत जतन केलेला वर्कस्पेस आज नव्या आवृत्तीत उघडला, तर ४०३ सोबत राउंडिंगही परत येतं. मोठ्या यादीवर काम करत असाल तर आरला तिच्या यादृच्छिक जनकाचा प्रकार विचारा. ३.६.० पासून ती तीन शब्दांत उत्तर देते आणि तिसरा शब्द नमुन्याच्या रीतीबद्दल असतो. तो ‘रिजेक्शन’ असला पाहिजे.

न सुटलेला भाग

स्टार्क आणि ऑटोबोनी यांच्या कामात आणखी एक मुद्दा आहे. तो रिजेक्शनने सुटत नाही. सीड हा ३२ बिटांचा पूर्णांक असतो, म्हणजे वेगवेगळ्या सुरुवाती पुन्हा त्या ४२९ कोटींच्याच घरात. पत्त्यांतल्या एकाच रंगाची १३ पानं पिसली तर शक्य क्रम होतात ६,२२,७०,२०,८००. सीडांपेक्षा हे जास्त आहेत. तेव्हा सीड देऊन एकदाच पिसलं, तर १३ पानांचे कितीतरी क्रम कोणत्याही सीडवर कधीच येणार नाहीत. क्रमचय चाचण्या (डेटाचा क्रम पुन्हा पुन्हा पिसून केलेल्या चाचण्या) करणाऱ्याने आणि एका सीडवर रुग्णांचे गट पाडणाऱ्याने हे लक्षात ठेवावं. मर्सेन ट्विस्टरची स्वतःची अवस्था १९,९३७ बिटांची, प्रचंड मोठी आहे, पण तिच्यात शिरायचा दरवाजा ३२ बिटांचा.

मतपत्रिकांच्या तपासणीत यावर वेगळा मार्ग काढलेला आहे. कोलोरॅडोत दहा बाजूंचे फासे लोकांसमोर टाकून वीस अंकी सीड बनवतात आणि त्यातून शा-२५६ या गूढलेखनाच्या फंक्शनने क्रमांक काढतात. सीड कुणा एकाच्या हातात राहत नाही, आणि तो जाहीर असल्याने कुणालाही निवड पुन्हा करून पाहता येते. आपल्याकडे लॉटरीने घरं किंवा शाळांचे प्रवेश वाटणाऱ्या संगणकीय सोडतींनाही हीच पद्धत लावता येईल. लागणारी गणितं उपलब्ध आहेत आणि कोडही मुक्त आहे.